बंद करा म्हणजे नेमके काय करा? संगणकाच्या ‘शटडाऊन’ आज्ञेचा अभ्यास

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘डिफॉल्ट’ हा शब्द नवा नाही. कर्जाचा हप्ता मुदतीत न भरणारा तो डिफॉल्टर, मराठीत थकबाकीदार, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत. संगणकाच्या पुस्तकात मात्र हाच शब्द निराळ्या अर्थाने भेटतो. आपण एखादी गोष्ट सांगितली नाही, तर यंत्र स्वतःहून जे धरून चालते, त्यास तेथे डिफॉल्ट म्हणतात. वरवर पाहता या दोन अर्थांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. परंतु मुळाशी कल्पना एकच आहे. करावयाचे ते करावयाचे राहून जाणे, ही ती कल्पना होय. कर्जदाराचे देणे राहून जाते, संगणक चालविणाराचे सांगणे राहून जाते. आणि दोन्हीकडे राहून गेलेली जागा रिकामी राहत नाही. दुसऱ्या कोणी तरी आधी केलेला नियम तेथे येऊन बसतो. प्रस्तुत लेखात डिफॉल्टला मी ‘गृहीत अर्थ’ असे म्हणणार आहे.

गृहीत अर्थाची उत्तम उदाहरणे आपल्या अभ्यासक्रमातच आहेत. समजा, आदिलाबादच्या बाजारात दोघांनी मिळून कापसाची अडत सुरू केली. एकाने तीन लाख घातले, दुसऱ्याने एक लाख. लेखी करार काही केला नाही. वर्षअखेर नफा कसा वाटावयाचा? तीनास एक असे पुष्कळांना वाटेल. पण १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचे कलम १३ सांगते की, करार नसेल तर नफातोटा समसमान. शिवाय भागीदारास पगार नाही, आणि भांडवलाव्यतिरिक्त त्याने पेढीला उसने पैसे दिले असतील तर त्यावर दरसाल सहा टक्के व्याज. तीन लाख घालणाराने हे कोठेही मान्य केलेले नसते. तो फक्त बोलला नाही, एवढेच.

१८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याचेही तसेच आहे. हुंडीवर किंवा वचनचिठ्ठीवर मुदत लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती मागताक्षणी देय होते. आणि मुदत लिहिलेली असेल तर कलम २२ प्रमाणे तीन दिवस सवलतीचे मिळतात. न लिहिण्याचा अर्थ ‘सावकाश द्या’ असा नसून ‘आत्ता द्या’ असा होतो, हे या ठिकाणी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

संगणक बंद करण्याची ‘शटडाऊन’ ही आज्ञा याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती नेहमीच्या वापरातली आहे, दिसावयास सोपी आहे, आणि तिच्यात जितके न बोललेले अर्थ दडलेले आहेत तितके फार थोड्या आज्ञांत असतील. (लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात.)

बंद करणे : एक क्रियापद, अनेक क्रिया

आपण मराठीत दार लावतो, दिवा मालवतो, चूल विझवतो, गाडी थांबवतो आणि दुकान वाढवतो. ‘दुकान बंद केले’ आणि ‘दुकान वाढवले’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावयास नको. आमच्या जिल्ह्यात मराठीइतकीच तेलुगू कानावर पडते. तेथेही थांबवणे म्हणजे ‘आपु’ आणि दिवा मालवणे म्हणजे ‘आर्पु’ असा भेद आहे. या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक ‘निल्लिसु’, ‘आरिसु’ आणि ‘मुच्चु’ यांतला फरक सहज सांगतील. संगणकापाशी बसलो की मात्र आपण सर्व भाषांत एकच म्हणतो, ‘शटडाऊन कर’.

यंत्राच्या बाजूने पाहता येथे निदान पाच निरनिराळ्या क्रिया संभवतात. पहिली, सर्व कामे संपवून यंत्र नुसते थांबवणे व वीज चालूच ठेवणे. यास हॉल्ट म्हणतात. दुसरी, थांबवून वीजही तोडणे. हे पॉवर ऑफ. तिसरी, थांबवून पुन्हा सुरू करणे. हे रीबूट किंवा रीस्टार्ट. चौथी, चालू कामाचे चित्र चकतीवर लिहून ठेवून वीज तोडणे, म्हणजे पुढे तेथूनच सुरुवात व्हावी, हे हायबरनेट. पाचवी, इतर सर्वांना बाहेर काढून फक्त देखभाल करणाऱ्या एका माणसापुरते यंत्र चालू ठेवणे. याला सिंगल युजर अवस्था म्हणतात. शटडाऊन या एकाच शब्दाने यांपैकी नेमके काय व्हावे, हे न सांगितल्यास प्रत्येक प्रणाली आपापल्या परंपरेप्रमाणे ठरवते.

परंपरा कोठून आली?

युनिक्स प्रणालीचा जन्म अशा काळातला आहे, की जेव्हा संगणक एक असे आणि त्याला जोडलेल्या टर्मिनलांवर अनेक माणसे एकाच वेळी काम करीत. असे यंत्र एकाएकी बंद करणे म्हणजे चालत्या वर्गाचा दिवा मालवण्यासारखे होते. म्हणून बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील युनिक्सच्या १९८० च्या आवृत्तीत जी शटडाऊन आज्ञा आली, तिचे मुख्य काम बंद करणे हे नसून आधी सर्वांना सूचना देणे हे होते. सूचना झाल्यावर, दुसरे काही सांगितले नसेल तर, यंत्र सिंगल युजर अवस्थेत जाई. कारण यंत्र बंद करण्याचे नेहमीचे प्रयोजन देखभाल हेच असे. त्या काळी हा गृहीत अर्थ अगदी शहाणपणाचा होता.

हॉल्ट आणि पॉवर ऑफ हे दोन वेगळे का, याचेही कारण जुन्या यंत्रांत आहे. पूर्वीच्या घरगुती व कार्यालयीन संगणकांची वीज प्रत्यक्ष खटक्याने तुटत असे. प्रणालीला स्वतः वीज तोडता येत नसे. विंडोज ९५ वापरलेल्या वडीलधाऱ्यांना काळ्या पडद्यावरची ती नारिंगी अक्षरे आठवत असतील, की आता संगणक बंद करण्यास हरकत नाही. म्हणजे यंत्राने आपले काम आवरले, खटका माणसाने दाबावा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मांडणी आणली आणि तिच्या प्रसाराबरोबर वीज तोडण्याचा अधिकार प्रणालीच्या हाती आला. खटका गेला, पण हॉल्ट हा शब्द राहिला. आजही बहुतेक लिनक्स यंत्रांवर नुसते ‘हॉल्ट’ टंकले तर यंत्र थांबते, वीज मात्र चालूच राहते. पाहणाराला वाटते, यंत्र अडकले.

नुसते ‘शटडाऊन’ टंकले तर?

आता प्रयोगाकडे वळू. पुढे काहीही न लिहिता फक्त ‘शटडाऊन’ एवढेच टंकून एन्टर दाबले, तर काय होईल?

विंडोजवर काहीही बंद होत नाही. आज्ञा कशी वापरावी याचे लांबलचक मदतपत्रक पडद्यावर येते.

आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींवर (ज्यांत सिस्टमडी नावाचा व्यवस्थापक असतो) यंत्र एका मिनिटाने वीज तोडून बंद होणार असे ठरते. तशी एक ओळ दिसते आणि पुन्हा नेहमीप्रमाणे पुढची आज्ञा देण्याची जागा येते. नवख्याला वाटते की आज्ञा लागूच झाली नाही. तो दुसरे काम उघडतो, आणि मिनिटभराने सगळे नाहीसे होते.

फ्रीबीएसडीवर आज्ञा नाकारली जाते, कारण तेथे वेळ सांगणे सक्तीचे आहे. ‘शटडाऊन नाऊ’ असे म्हटले तर यंत्र बंद न होता सिंगल युजर अवस्थेत जाते. वीज तोडावयाची तर ‘-पी’ हे अक्षर जोडावे लागते.

सोलारिसवर साठ सेकंदांची सूचना दिली जाते, पुढे जावे काय असे विचारले जाते, आणि होकार दिल्यावर पुन्हा सिंगल युजर अवस्थाच येते.

एकच शब्द, चार यंत्रे, चार परिणाम! आणि यांपैकी एकही परिणाम ‘चूक’ म्हणता येत नाही. प्रत्येकाला त्याचे कारण आहे.

त्याहून विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, एकाच प्रणालीत काळाप्रमाणे अर्थ पालटला आहे. लिनक्सच्या जुन्या व्यवस्थेत ‘शटडाऊन नाऊ’ म्हणजे सिंगल युजर अवस्था, असाच बर्कलीसारखा अर्थ होता. सिस्टमडी आल्यानंतर त्याच शब्दांचा अर्थ वीज तोडणे असा झाला. रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीत २०१४ साली आणि डेबियनच्या आठव्या आवृत्तीत २०१५ साली ही नवी व्यवस्था आली. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. त्यामुळे हा विषय आपल्याकडील सरकारी शाळा-कार्यालयांपासून दूरचा नाही. जुने पुस्तक वाचून शिकलेला मनुष्य नव्या यंत्रावर बसला तर आज्ञा तीच, पण फळ निराळे, अशी त्याची गत होते.

तीस सेकंदांची सवलत आणि तिची किंमत

विंडोजवर बंद करण्यासाठी ‘शटडाऊन /एस’ असे टंकावे लागते. वेळ सांगितली नाही तर तीस सेकंद धरले जातात. हुंडीच्या बाबतीत मुदत न लिहिल्यास सवलत मिळत नाही. येथे उलट मुदत न लिहिल्यास सवलत मिळते. तात्काळ हवे असेल तर ‘/टी ०’ असे शून्य लिहून सांगावे लागते.

परंतु या सवलतीची एक किंमत आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. विंडोजच्या मदतपत्रकातच असे दिलेले आहे की, मुदत शून्याहून अधिक असेल तर ‘/एफ’ हे अक्षर न लिहिताही लिहिल्यासारखे धरले जाईल. ‘/एफ’ म्हणजे सक्ती. उघडे असलेले कार्यक्रम जतन करावयाचे का असे न विचारता बंद होतात. म्हणजे जो सावकाशीने, पाच मिनिटांची मुदत देऊन यंत्र बंद करतो, त्याची आज्ञा सक्तीची ठरते. आणि जो शून्य लिहून ताबडतोब बंद करतो, त्याच्या आज्ञेत सक्ती आपोआप येत नाही. न जतन केलेला कागद उघडा असेल तर यंत्र थांबून तसे दाखवते. सामान्य समजुतीच्या हे अगदी उलट आहे. यामागची कल्पना बहुधा अशी की, मुदत दिली म्हणजे सूचना दिली, आणि सूचना मिळूनही ज्याने आवरले नाही त्याच्यासाठी थांबावयाचे कशाला? तर्क ठीक आहे. पण सूचना पडद्यावर येते. चहाला गेलेल्या माणसाच्या कानावर नाही.

मोजमापातही असाच घोटाळा आहे. विंडोजची मुदत सेकंदांत असते, लिनक्सची मिनिटांत. विंडोजवर ‘/टी ६०’ म्हणजे एक मिनिट. लिनक्सवर ‘+६०’ म्हणजे एक तास. विंडोजच्या मुदतीची कमाल मर्यादा ३१,५३,६०,००० सेकंद आहे. गणित करून पाहिल्यास ती बरोबर दहा वर्षे भरते!

अक्षरांचे तर विचारूच नये. ‘आर’ दोन्हीकडे पुन्हा सुरू करण्यासाठी आहे, एवढेच समाधान. ‘एच’ लिनक्सवर यंत्र बंद करते, विंडोजवर हायबरनेट करते. ‘सी’ हे अक्षर लिनक्सवर ठरलेले बंद करणे रद्द करते. विंडोजवर तेच अक्षर सूचनेचा मजकूर लिहिण्यासाठी आहे. विंडोजवर रद्द करावयाचे अक्षर ‘ए’. घाईच्या क्षणी, घड्याळ चालू असताना, हाताला सवयीचे अक्षर येते आणि ते भलत्या यंत्राचे असते. याच घराण्यातली ‘किलऑल’ ही आणखी एक आज्ञा येथे नमूद करावीशी वाटते. लिनक्सवर ती नाव सांगितलेला कार्यक्रम तेवढा बंद करते. सोलारिसवर ती चालू असलेल्या सर्वच क्रिया संपवते, कारण तेथे ती शटडाऊनच्याच उपयोगासाठी केलेली आहे.

बटण आणि आज्ञा यांतही भेद

आज्ञा टंकण्याचा प्रसंग आम्हाला येतच नाही, आम्ही बटण दाबतो, असे काही वाचक म्हणतील. त्यांच्यासाठी हा भाग आहे.

२०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे व ती सहसा आधीपासूनच चालू असते. स्टार्टच्या यादीतून शटडाऊन निवडले की आपले कार्यक्रम बंद होतात खरे, पण प्रणालीचा गाभा पूर्ण मिटत नाही. त्याचे चित्र चकतीवर लिहून ठेवले जाते व सकाळी तेच उचलून यंत्र लवकर सुरू होते. म्हणजे आपण ज्याला बंद करणे समजतो ते अर्धे हायबरनेट असते. रीस्टार्ट निवडले तर मात्र गाभा संपूर्ण मिटून नव्याने सुरू होतो. दुरुस्ती करणारा गृहस्थ ‘बंद करून चालू करा’ असे न म्हणता ‘रीस्टार्ट करा’ असा आग्रह धरतो, त्याचे इंगित हे आहे. नाव रीस्टार्टचे, पण पुरते बंद होते ते तेथे. नाव शटडाऊनचे, पण ते होते अर्धवट.

याचा पडताळा कोणालाही घेता येईल. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर ‘अप टाइम’ हा आकडा असतो. रात्री शटडाऊन करून सकाळी तो पाहावा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तो शून्यापासून मोजलेला दिसणार नाही. रीस्टार्टनंतर पाहावा, तो नव्याने सुरू झालेला दिसेल.

आणि गंमत अशी, की ‘शटडाऊन /एस’ ही टंकलेली आज्ञा यंत्र पुरते बंद करते. बटणासारखे अर्धे बंद हवे असल्यास तिला ‘/हायब्रिड’ हा शब्द जोडावा लागतो. म्हणजे एकाच प्रणालीत, एकाच शब्दाचे, बटणातून एक व आज्ञेतून दुसरे असे दोन गृहीत अर्थ आहेत. ज्या प्रयोगशाळेत एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही असतात, तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो. विंडोज अर्धे मिटलेले असताना लिनक्समधून त्याच्या चकतीवर लिहिण्याचा प्रयत्न केल्यास माहिती बिघडण्याचा धोका असतो.

नुकसान कोणाचे?

हे सर्व ज्ञान नुसते कुतूहलापुरते आहे काय? मला तसे वाटत नाही. दोन कल्पित उदाहरणे घेऊ.

हंगामात अडत दुकानाच्या मुख्य यंत्रावर हिशेबाच्या वह्या आहेत व बाकीच्या यंत्रांवरून तिघे नोंदी घालीत आहेत. मालकाच्या मुलाने संध्याकाळी मुख्य यंत्रावर ‘/एस’ एवढेच लिहून एन्टर दाबले. तीस सेकंदांची सूचना आली ती त्याच यंत्राच्या पडद्यावर. नोंदी घालणाऱ्यांना ती दिसण्याचे कारणच नव्हते. ज्याची पावती अर्धी झाली होती, ती गेली. आणि वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पुन्हा तेच आकडे सांगावे लागले. यंत्राने आपला नियम पाळला. मालकाच्या मुलानेही खोटे काही केले नाही. पण सूचना ज्याला हवी होती त्याला मिळाली नाही.

दुसरे उदाहरण दूरच्या यंत्राचे. येथे बसून हैदराबादेतील यंत्र चालवणे आता नित्याचे झाले आहे. दुरुस्तीनंतर ‘-आर’ लिहावयाचे राहिले, नुसतेच ‘शटडाऊन नाऊ’ गेले, तर ते यंत्र वीज तोडून बंद होते. त्याचे बटण आदिलाबादेत नाही; ते राष्ट्रीय महामार्ग ४४ वर सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. जुन्या व्यवस्थेचे यंत्र असेल तर ते सिंगल युजर अवस्थेत जाते. तेव्हा ते चालू असते, पण त्याची बाहेरची वाट मिटलेली असते. जागे आहे, पण दार उघडीत नाही! दोन्ही प्रसंगी कोणी तरी माणूस तेथे जाऊन उभा राहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

या बाबतीत आपल्या गावचे वायरमन संगणकवाल्यांपेक्षा पुढे आहेत, असे मला वाटते. खांबावर चढण्यापूर्वी ते ‘शटडाऊन’ घेतात. आमच्याकडे त्याला लाईन क्लिअर किंवा एल. सी. असेही म्हणतात. कोणती लाईन, कोणी घेतली, किती वाजता घेतली, हे उपकेंद्रात लिहिले जाते. आणि ज्याने घेतली त्यानेच ती परत केल्याशिवाय वीज सोडावयाची नाही, असा नियम आहे. तेथे गृहीत अर्थाला जागाच ठेवलेली नाही, कारण चुकीची किंमत एका माणसाचा जीव असते. संगणकावर जीव जात नसेल, पण दुसऱ्याचे दिवसभराचे काम जाते. तेव्हा त्या रीतीचा थोडा अंश आपणही घ्यावा, हे बरे.

पाळण्याजोगे नियम

वरील विवेचनावरून काही साधे नियम सांगता येतील.

पहिला, यंत्र ओळखावे. एकाच पडद्यावर दोन-तीन यंत्रे उघडी असतात. ‘होस्टनेम’ एवढे टंकले की यंत्र आपले नाव सांगते. ते वाचूनच पुढे जावे.

दुसरा, क्रिया स्पष्ट लिहावी. लिनक्सवर बंद करण्यास ‘शटडाऊन -पी’ (रोमन मोठे अक्षर) किंवा ‘पॉवरऑफ’, पुन्हा सुरू करण्यास ‘-आर’. यंत्र आपोआप तेच करणार असले तरी अक्षर लिहावे. वाचणाऱ्या दुसऱ्या माणसालाही हेतू कळतो.

तिसरा, वेळ स्पष्ट लिहावी, आणि सेकंद की मिनिटे हे तपासावे. यूपीएस दहा मिनिटे टिकत असेल तर दहा मिनिटांची मुदत देण्यात अर्थ नाही. आवरायलाही वेळ लागतो. तेव्हा चार-पाच मिनिटेच द्यावीत.

चौथा, माणसांना सांगावे. लिनक्समध्ये ‘-के’ हे अक्षर आहे. त्याने सूचना मात्र सर्व टर्मिनलांवर जाते, यंत्र बंद होत नाही. विंडोजमध्ये ‘/सी’ लिहून सूचनेत कारण देता येते. तरीही शेजारच्या खोलीत जाऊन तोंडाने सांगण्यासारखी सूचना नाही.

पाचवा, रद्द करण्याची आज्ञा आधी पाठ करावी, मग बंद करण्याची. विंडोजवर ‘/ए’, लिनक्सवर ‘-सी’.

सहावा, नवे यंत्र किंवा नवी आवृत्ती आली की मदतपत्रक पुन्हा वाचावे. कालचा अर्थ आज तोच असेल असे नाही.

समारोप

गृहीत अर्थ नसावेतच, असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक वेळी सर्व काही सांगावे लागले तर व्यवहार थांबेल. चांगला गृहीत अर्थ कसा असावा, हाच प्रश्न आहे. माझ्या मते तो असा असावा, की सांगणारा विसरला तर कमीत कमी नुकसान व्हावे, आणि झालेले मागे घेता यावे. या कसोटीवर नुसत्या शब्दाला मदतपत्रक दाखवणे किंवा वेळ विचारणे उत्तम; एक मिनिट थांबणे मध्यम; आणि मुदत दिली म्हणून न विचारता सक्ती करणे मात्र गौण ठरते.

कायद्यातील गृहीत अर्थ छापलेले असतात. भागीदारी कायद्याचे कलम १३ परीक्षेत विचारले जाते, म्हणून तरी आपण ते वाचतो. अलीकडचे उदाहरण म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराची नवी पद्धत ही गृहीत पद्धत झाली. जुनी हवी असेल तर तसे कळवावे लागते. वर्तमानपत्रांतून त्याची पुष्कळ चर्चा झाली. संगणकातील गृहीत अर्थ पालटतात तेव्हा अशी चर्चा होत नाही. मदतपत्रकातील एक ओळ बदलते, एवढेच. ‘मौन म्हणजे संमती’ हे तत्त्व जेथे चालते, तेथे आपण कशाला संमती देत आहोत हे पाहणे प्रत्येकाचे काम आहे. आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्रत्येक यंत्राजवळ एका कागदावर त्या यंत्राची बंद करण्याची पूर्ण आज्ञा आणि रद्द करण्याची आज्ञा, एवढ्या दोन ओळी जरी लिहून लावल्या, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.